समईवरची सोळा नावं

कुंभकोणमच्या मराठी घरांत लग्न ठरलं की मुलाकडचे आणि मुलीकडचे सगळ्यात आधी एका गोष्टीवर एकमत होतात: पंगत मुकुंदरावांनी बसवायची. मुहूर्त कुणीही काढो, मांडव कुणीही घालो. केळीच्या पानासमोर कोण कुणाशेजारी बसणार, हे ठरवायला मात्र मुकुंदरावच. वीस वर्षं न बोलणारे साडू एका रांगेत येणार नाहीत, मधुमेहवाल्या काकांच्या उजव्या हाताला पायसाची बादली थांबणार नाही, आणि अखंड बोलणाऱ्या आत्याबाईंच्या शेजारी कमी ऐकू येणारे एखादे आजोबा येतील, म्हणजे दोघंही सुखी. एवढा विचार करून माणूस पानावर बसवायचा. त्यांनी बसवलेल्या पंगतीत भांडण झाल्याचं कुणाला आठवत नाही. जेवण कसं झालं तेही पुष्कळदा आठवत नाही, पण तो आचाऱ्याचा प्रश्न.

पोटापाण्यासाठी मुकुंदराव एका खाजगी पॉलिटेक्निकात संगणकाच्या लॅबचे साहाय्यक होते. एकतीस वर्षं. संगणकाला धूळ आणि चपला चालत नाहीत असं मानण्याच्या काळात ते लागले आणि मुलं खिशात संगणक घालून हिंडायला लागली तेव्हा निवृत्त झाले. मधल्या काळात त्यांचा पगार थोडा वाढला आणि कमरेचा किल्ल्यांचा जुडगा भरपूर वाढला. लॅब गेली, तरी जुडगा कमरेला राहिला. त्यातल्या नऊ किल्ल्यांची कुलुपं आता या जगात नाहीत, असं त्यांची बायको विशालाक्षीबाई म्हणत. "राहू दे गं," ते म्हणत, "वजन नसलं की मला चालताना तोल जातो."

निवृत्तीनंतरच्या तिसऱ्या महिन्यात त्यांचा भाचा हरिप्रसाद आला. हा घरी बसून चेन्नईच्या कंपनीचं काम करणारा. म्हणाला, "मामा, गावात कोड लिहिणारी पोरं पुष्कळ आहेत, पण जो तो आपल्या खोलीत. पंधरा दिवसांनी एकत्र बसावं म्हणतो. जागा पाहिजे, आणि टीम पाडायला कोणीतरी पाहिजे. आम्ही आपापल्या पाडल्या तर भांडणं होतील."

भांडणं हा शब्द ऐकला आणि मुकुंदराव ताठ बसले.

जागा विठ्ठलाच्या भजनमठाची मिळाली. खाली देव आणि स्वयंपाकघर, वर लांबलचक माडी. पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी सकाळी दहाला पोरं लॅपटॉप घेऊन यायची. कुणी तिरुनागेश्वरमहून सायकलवर, कुणी पापनाशमहून गाडीनं. आदल्या संध्याकाळी मुकुंदराव ओसरीवर एक कोरा कागद घेऊन बसत. चार कोपऱ्यांना हळदीची बोटं लावत, लग्नपत्रिकेला लावतात तशी, आणि मग नावं मांडत. सौंदर्या हुशार पण फटकळ, तिच्याबरोबर मवाळ असा कोणी. विजयराघव बोलत सुटतो, त्याला घुम्या जोडीदार. दोन मित्र एकत्र नकोत, गप्पा मारतील. दोन हुशार एकत्र नकोत, शिंगं लावतील. नाव लिहायचं, खोडायचं, डोळे मिटायचे, पुन्हा लिहायचं. विशालाक्षीबाई म्हणत, "अहो, पोरीचं लग्न ठरवताना तुम्ही एवढा विचार केला नव्हता."

"तिथं दोघंच होती," मुकुंदराव म्हणत. "इथं सतरा आहेत."

खरं सांगायचं तर, त्यांच्या पंधरवड्यात तो कागद सोडला तर दुसरं काही नव्हतंच. लग्नं आता मोठ्या हॉलमध्ये होऊ लागली होती, तिथं लोक हातात ताटली घेऊन उभ्यानं जेवत. उभ्या माणसाला कसं बसवणार? उरली होती ती ही माडी, आणि ही पोरं. त्यांच्यातलं कुणी नोकरीला लागलं, कुणाचं काही चांगलं झालं, की मुकुंदराव मनात म्हणत, टीम चांगली पडली होती.

बैठकीचा क्रम ठरलेला. दहाला मठाच्या फळ्यावर कागद लागे. पोरं वाचत, कागदाप्रमाणे बसत. अकराला मुकुंदराव खाली उतरत, कारण कॉफी ते स्वतः करत. पितळी फिल्टरमध्ये डिकॉक्शन थेंब थेंब उतरायला पाऊण तास लागतो, आणि कुंभकोणमच्या माणसाला त्यात घाई करायला सांगणं म्हणजे गर्भार बाईला घाई करायला सांगण्यासारखं आहे. पाऊण तासानं ते तबक घेऊन जिना चढू लागले की कमरेच्या किल्ल्या वाजत, आणि वर खुर्च्या सरकल्याचा खर्रर्र आवाज होई. मुकुंदरावांना तो आवाज फार आवडे. घरी येऊन सांगत, "अजून मान ठेवतात हो. किल्ल्या वाजल्या की उठून नीट बसतात. लॅबमध्ये इतकी वर्षं जो धाक होता तो अजून आहे."

अशा नव्व्याण्णव बैठका झाल्या.

शंभराव्या बैठकीला माडीवर समई लावावी असं मुकुंदरावांच्या मनात आलं, आणि समई म्हटल्यावर समया ओतणाऱ्यांचं गाव नाचियार्कोविल. एका मंगळवारी ते टाऊन बसनं निघाले. दोन्ही बाजूला भात पोटरीला आलेला, बसमध्ये कंडक्टर आणि ते मिळून सहा माणसं. मठातली जुनी समई तिथल्या मणी ओताऱ्याच्या बापानं ओतलेली, म्हणून ते थेट मणीच्या कारखान्यात गेले. मणी लेथवर समईचा एक खांब घासत होता. त्यांना पाहून त्यानं लेथ थांबवला आणि हसला.

"या सार. पण तुम्ही मराठी माणसं एकमेकांशी बोलत नाही की काय?"

"का?"

"अहो, त्या शंभराव्या बैठकीची समई मागच्या आठवड्यातच सांगून गेलेत. तुमचा भाचा आला होता. तीन फुटी, हंसाची. पॉलिश सोडून तयार आहे." आणि मग जीभ चावून, "अय्यो. तुम्हाला सांगायचं नव्हतं वाटतं."

मणीनं गोणपाट बाजूला केलं. खांब, तेलाची वाटी, हंस, सगळं सुटं सुटं पडलं होतं, आणि मध्ये तळाची रुंद बैठक. तिच्या वरच्या कडेवर तमिळ अक्षरांत कोरलं होतं: मुकुंदराव सारांना, शंभर बैठकांच्या आठवणीसाठी.

मुकुंदरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पोरांनी त्यांना न सांगता त्यांच्यासाठी समई करायला टाकली होती! अर्ध्या मिनिटापुरता त्या कारखान्यात त्यांच्याएवढा श्रीमंत माणूस नव्हता. चार वर्षांचे सगळे कागद, सगळी खोडाखोड, सगळी हळद त्यांना त्या पितळेवर वसूल झालेली दिसली. मणी म्हणाला, "नावं पण घातलीत सार, खालच्या गोलात. सगळ्या टीमा. भाच्यानं फोनवर पाठवल्या, मी जशाच्या तशा कोरल्या. चूक असेल तर आत्ता सांगा, पॉलिश झाल्यावर खरवडता येत नाही."

मुकुंदराव वाचायला वाकले.

चार टीमा होत्या. प्रत्येकीला कॉफीतलं नाव होतं: डवरा म्हणजे कॉफी निववायची वाटी, टंबलर म्हणजे तिच्यातला पेला, आणि फिल्टर, चिकोरी. मुकुंदराव टीमांना नावं देत नसत, आकडे देत. डवऱ्यात हरिप्रसाद, सौंदर्या आणि आणखी दोघं, चौघंही वस्ताद, चौघंही भांडखोर. असले चौघे त्यांनी शंभर जन्मांत एका रांगेत बसवले नसते. टंबलरमध्ये विजयराघव आणि त्याचे तीन जिवलग दोस्त. नव्व्याण्णव कागदांत असा एकही कागद नव्हता. आणि डवऱ्याच्या खाली बारीक अक्षरांत होतं: तिरुच्ची स्पर्धा, दुसरा क्रमांक.

"कधीची स्पर्धा ही?" त्यांनी विचारलं.

"मला काय ठाऊक सार? फोनमध्ये तारीख होती." मणीनं फोन काढून दाखवला.

फेब्रुवारीतला तिसरा रविवार. तो रविवार मुकुंदरावांच्या चांगला लक्षात होता. त्या दिवशी माडीवर नऊच जण आले होते. हरिप्रसादला ऑफिसचं काम निघालं होतं, सौंदर्याच्या मावसबहिणीचं लग्न होतं, आणि विजयराघवला ताप भरला होता. तापाचं ऐकून विशालाक्षीबाईंनी मिऱ्याचं सार करून दिलं होतं आणि मुकुंदराव स्वतः तो डबा घेऊन विजयराघवच्या घरी गेले होते. त्याची आई दारात गोंधळून म्हणाली होती, "ताप? हो हो, झोपलाय, उठवत नाही आता." सार मात्र ठेवून घेतलं होतं.

"चूक आहे का सार?" मणीनं छिन्नी उचलली.

मुकुंदरावांनी सोळा नावं बोटानं मोजली. सतरावं नव्हतं.

"चूक नाही," ते म्हणाले. "बरोबर आहे. पॉलिश कर."

हरिप्रसादच्या हातून जे झालं ते असं: त्याच्या फोनमध्ये दोन याद्या होत्या. एक मामांच्या कागदाचा फोटो, दर पंधरवड्याला नवा. आणि एक खरी. खरी यादी इतके दिवस खरी होती की नावं पाठवताना त्याच्या अंगठ्याला दुसरी आठवलीच नाही. मामांच्या समईवर मामांच्या टीमा घालायच्या, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. खोटं इतकं अंगवळणी पडलं होतं की ते लपवायचं राहून गेलं.

त्या संध्याकाळी मुकुंदराव जेवायला बसले. रसमात मीठ पडलं नव्हतं, त्यांनी तक्रार केली नाही. विशालाक्षीबाई घास हातात धरून थांबल्या.

"काय जालं?"

त्यांनी सगळं सांगितलं. समई, नावं, तिरुच्ची, सार. शेवटी म्हणाले, "मला पंगतीतून उठवलं गं."

विशालाक्षीबाई सांत्वन करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "उठवलं कुठं? तुम्हास वाढायला उभं ठेवलं आणि जेवायला दुसऱ्या मांडवात गेले." मग म्हणाल्या, "माझं मिऱ्याचं सार कुणी प्यायलं मग?"

"त्याचा बाप, बहुतेक."

"मेल्यांनो," त्या म्हणाल्या, आणि रसमात मीठ घातलं.

त्या आठवड्यात मुकुंदराव कुणाशी काही बोलले नाहीत. हरिप्रसाद दोनदा येऊन गेला, रविवारी तुम्ही नवं धोतर नेसा मामा, असं दोनदा सांगून गेला. त्याच्या चेहऱ्यावर अशी काही माया होती की मुकुंदरावांना आणखीच राग आला. शत्रूनं फसवलं तर माणूस निदान शिव्या तरी देऊ शकतो.

शनिवारी संध्याकाळी ते ओसरीवर बसले. कोरा कागद घेतला, चार कोपऱ्यांना हळद लावली. या वेळी खोडाखोड झाली नाही. दहा मिनिटांत कागद तयार झाला.

रविवारी माडीला झेंडूच्या माळा लावल्या होत्या. मध्यावर लाल कापडाखाली तीन फुटी काहीतरी उभं होतं आणि पोरं त्याच्याकडे न बघण्याचा जोरदार प्रयत्न करत होती. मुकुंदरावांनी नेहमीप्रमाणे फळ्याला कागद लावला आणि बाजूला झाले. पोरं नेहमीप्रमाणे गोळा झाली, कारण तेवढं नाटक त्यांनी सत्तर वेळा केलेलं. पुढच्या रांगेतल्यांनी वाचलं आणि ती हलेनात. मागचे म्हणाले, "काय झालं? सरका की." मग त्यांनीही वाचलं.

टीम एक, डवरा. टीम दोन, टंबलर. तीन, फिल्टर. चार, चिकोरी. सोळा नावं, जशीच्या तशी.

"मामा," हरिप्रसाद म्हणाला, "हे..."

"बघ बाबा, एखादं नाव चुकलंय का. मणीनं पितळेवर कोरलं ते मी कागदावर उतरवलं. पितळेला शाई लागत नाही, कागदाला लागते, एवढाच फरक."

जो बोलत सुटतो तो विजयराघव सौंदर्याच्या मागे सरकला. मुकुंदरावांनी त्याच्याकडे वळून विचारलं, "ताप उतरला का रे?"

विजयराघवनं मान खाली घातली.

बोलली ती सौंदर्याच, कारण ती फटकळ. "सार, आम्ही तुम्हाला सांगणार होतो. तिसाव्या बैठकीलाच सांगणार होतो. पण तुम्ही कागदाला हळद लावून आणता, सार. हळद लावलेल्या कागदाला नाही कसं म्हणायचं?"

"आणि मामा," हरिप्रसाद म्हणाला, "तुम्ही कुणाचं कुणाशी भांडण होऊ नये म्हणून बसवता. लग्नात ते ठीक. पण प्रोग्राम भांडणाशिवाय होत नाही. हिनं माझा कोड तीनदा फाडून टाकला, तेव्हा तो चालला. तिरुनागेश्वरमला राहूच्या देवळात राहुकाळात रांग कुठवर आली ते फोनवर दाखवणारा प्रोग्राम, त्यालाच दुसरा नंबर मिळाला. तुमच्या टीमेत ही मवाळ माणसाशेजारी असायची. तो सगळ्याला बरं म्हणायचा. सगळं बरं होतं, चालत काहीच नव्हतं."

मुकुंदरावांनी ते ऐकून घेतलं. बोलणं खरं होतं, हे त्यांना कळत होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. त्यांच्या उभ्या आयुष्याची कला होती ती, माणसांना न भांडता शेजारी बसवण्याची. पोरांना ती कला नको होती इतकंच नाही, ती आड येत होती.

"हे तू मला तेव्हा सांगितलं असतंस," ते म्हणाले, "तर मी भांडलो असतो. आणि मग, तुझ्याच म्हणण्याप्रमाणे, काहीतरी चांगलं झालं असतं."

हरिप्रसाद फळ्यावरचा कागद पुन्हा वाचू लागला.

तेवढ्यात मागून आवाज आला, "आणि माझं नाव?"

या मीनाक्षीबाई. पापनाशमला त्यांचं शिवणाचं दुकान. वय बावन्न. मापं टाकली की ब्लाउजचे भाग कापडावर कसे बसतील ते काढून दाखवणारा प्रोग्राम त्यांना करायचा होता, आणि दीड वर्षं त्या दर बैठकीला गाडीनं येत. समईवर नव्हतं ते सतरावं नाव त्यांचं.

मुकुंदरावांनी कागदाच्या तळाकडे बोट दाखवलं. तिथं बारीक अक्षरात होतं: टीम पाच, मीनाक्षीबाई, मुकुंदराव.

"त्यांनी तुम्हाला कुठंच घेतलं नव्हतं," ते हळूच म्हणाले. "मला वाईट वाटलं. तुम्हाला आजच कळलं असेल."

"मला?" मीनाक्षीबाई म्हणाल्या. "मला दिवाळीपासून ठाऊक आहे, अण्णा. तुम्ही कॉफीला खाली गेलात की ही सगळी उठून आपापल्या खऱ्या जागेवर जातात. मी एकटी इथंच बसून माझी बाही कापत असते. किल्ल्या वाजल्या की सगळी परत पळतात, तुमच्या जागेवर. मला वाटलं, तुम्हास माहीत असेल. एवढ्या मोठ्यानं खुर्च्या सरकतात!"

मुकुंदरावांचा हात कमरेच्या जुडग्याकडे गेला. सोळा जणांचं दुःख ते पचवून आले होते. हे सतरावं वाटेत लागेल याची त्यांना कल्पना नव्हती.

कापड काढलं गेलं. समई खरोखर सुंदर झाली होती, मणीनं हंसाच्या पिसापिसाला चकाकी दिली होती. सगळ्यांनी मिळून त्यांना पुढे केलं. त्यांनी पाचही वाती लावल्या, देवाला करतात तसा तिला नमस्कार केला, कारण दिव्याचा काही दोष नव्हता. टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजवणारी पोरं कुठं बघावं हे न कळून समईकडे बघत होती, आणि समईवर त्यांचीच नावं होती.

"बसा आता," मुकुंदराव म्हणाले. "कागदाप्रमाणे."

चार वर्षांत पहिल्यांदा ती मंडळी कागदाप्रमाणे बसली आणि कागद त्यांच्याप्रमाणे. डवऱ्यात पाच मिनिटांत वाद सुरू झाला. टंबलरमध्ये हसणं. मुकुंदरावांनी मीनाक्षीबाईंच्या पडद्यावर बघितलं, बाहीचा भाग पाठीवर चढून बसला होता. "हा इथं नको," ते म्हणाले, "याला त्या कोपऱ्यात बसवा. दोघांना श्वास घेता येईल." मीनाक्षीबाईंनी तसं केलं. बाही बसली. त्यांनी मुकुंदरावांकडे कौतुकानं बघितलं, पण ते हसले नाहीत.

अकरा वाजले. सवयीनं त्यांचे पाय जिन्याकडे गेले. खाली डिकॉक्शन उतरेपर्यंत ते फिल्टरसमोर बसून राहिले. मग दूध उकळलं, साखर घातली, सतरा टंबलर तबकात ठेवले. अठरावा स्वतःचा ठेवला नाही.

तबक उचलून ते जिना चढू लागले. चौथ्या पायरीवर कमरेच्या किल्ल्या वाजल्या.

आणि वर खुर्च्या सरकल्या. खर्रर्र. सोळाच्या सोळा. आज लपवायचं काही उरलं नव्हतं, आज कागदही त्यांचाच होता. पण पावणेतीन वर्षांच्या सवयीला ते कुठं ठाऊक? किल्ल्या ऐकल्या आणि पोरं उठली. मग कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "अरे, कुठं चाललात? आज इथंच!" आणि खुर्च्या पुन्हा सरकल्या, माघारी.

मुकुंदराव चौथ्या पायरीवरच थांबले. हाच तो आवाज. घरी जाऊन हौसेनं बायकोला सांगायचे तो.

वरून मीनाक्षीबाईंनी कठड्यावरून डोकं काढलं. "अण्णा, किल्ल्या वाजल्या, तुम्ही कुठं? कॉफी निवेल की."

"निवू दे," मुकुंदराव म्हणाले. "पोरांना जागेवर बसू दे आधी."

"कुठल्या जागेवर?"

"ते त्यांनाच विचारा," मुकुंदराव म्हणाले, आणि तबक तसंच धरून, वरचा आवाज पुरता थांबेपर्यंत, उभे राहिले.